डिसेंबरअखेर केदारकंठा: काय विकत घ्यावं, काय भाड्याने, काय घरातलंच चालेल?

कातळपाऊल · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बायको उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जातोय. सह्याद्रीत आमचं बारमाही फिरणं असतं, पण बर्फात दोघांनीही पाय ठेवलेला नाही. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट आणि जेवण नेणारी संस्था देणार आहे. कपडे, बूट आणि बाकी सगळं आपलं आपण. त्यांची यादी हातभर लांब आहे आणि दुकानात गेलं की यादीतल्या एकेका वस्तूचे पाच-पाच प्रकार समोर येतात.

घरात आहे ते असं: ५० लिटरची सॅक, पावसाळी पोंचो, जाळीचे ट्रेकिंग बूट, ड्राय-फिट टीशर्ट, एक फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं जाकीट) आणि आजोबांची माकडटोपी. माणशी पंधरा हजारांच्या वर जायचं नाही. पैसे कशावर घालावेत आणि कशावर वाचवावेत?

बुरुजावरचा · सोमवार, रात्री १०.२५

खरेदीच्या आधी थंडीचा हिशोब करू. ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर आहे, केदारकंठ्याचा माथा ३,८१० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सांकरीत पहाटे शून्य असेल तर माथ्यावर उणे बारा धरा. हे वारा नसताना. उणे दहामध्ये ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ती थंडी उणे वीसइतकी लागते. आणि माथ्याची चढाई सुरू होते पहाटे तीन-चारला, म्हणजे सगळ्यात थंड वेळ तुम्ही उघड्या धारेवर काढणार.

हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात पारा पाच-सहावर आला की आपण कडाका म्हणतो. तिथे एखादी वस्तू कमी पडली तर रात्र कुडकुडत जाते, बस. इथे ओला मोजा तासन्‌तास पायात राहिला तर हिमदंश होऊ शकतो.

म्हणून पैशांचा माझा क्रम: बूट, हातमोजे, आतले थर, गॉगल आणि मग जॅकेट. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. जॅकेट फोटोत दिसतं म्हणून सात-आठ हजार तिथे घालवतात आणि बुटांपाशी हात आखडतात. वास्तविक या सगळ्यांत जॅकेट हीच वस्तू सांकरीत सर्वात सहज भाड्याने मिळते.

अळूवडी · सोमवार, रात्री १०.४१

वाखूसा (वाचनखूण साठवली). आजोबांच्या माकडटोपीला मात्र कुणी नावं ठेवू नका.

ठिगळ · सोमवार, रात्री ११.१०

बुटांवर मी लिहितो.

जाळीचे बूट घरी ठेवा. सह्याद्रीच्या कातळावर ते उत्तम, कारण रबर मऊ असतं आणि पाणी जसं आत येतं तसं निघूनही जातं. बर्फात याच दोन गोष्टी अंगावर येतात. जाळीतून बारीक बर्फ शिरतो, पायाच्या उबेने वितळतो आणि मोजा भिजतो.

हवेत ते: घोट्याच्या वर येणारा, आत जलरोधक पडदा असलेला बूट. सोलचे दात चार-पाच मिलिमीटर खोल हवेत आणि दोन दातांमध्ये मोकळी जागा हवी, नाहीतर बर्फ ठासून बसतो आणि सोल गुळगुळीत होतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर घेऊ नका, मायक्रोस्पाइक्सच्या (बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली चढवायच्या दातेरी) साखळ्या तळव्याला टोचत राहतील.

मापाची पद्धत:

१. दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, चालतानाही तेच होतं.
२. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे सोबत न्या.
३. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, अंगठा टोकाला टेकू द्या. आता टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. जात नसेल तर अर्धा ते एक नंबर मोठा घ्या.
४. नाडी घट्ट बांधून उतारावर चाला. मोठ्या दुकानांत लाकडी उतार ठेवलेला असतो, नसेल तर जिना. उतरताना अंगठा पुढे आपटला तर बूट लहान आहे. चढताना टाच उचलली गेली तर सैल आहे.
५. निदान पंधरा मिनिटं पायातच ठेवा. कडेला करंगळी दाबली जात असेल तर "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. चामडं थोडं सैल होतं, कृत्रिम कापड जवळपास नाही.

यात मुख्य धोका घट्टपणाचा. थंडी वाजते म्हणून लोक दोन जाड मोजे चढवतात, बूट आवळला जातो, बोटांकडे रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. एक जाड लोकरी किंवा लोकरमिश्रित मोजा, आतून फार तर एक पातळ. बोटं बुटात मोकळेपणी हलली पाहिजेत.

साधारण साडेचार ते सहा हजारांत बरा बूट मिळतो. निघण्याआधी तीन-चार आठवडे घ्या आणि सॅकमध्ये आठ किलो भरून सिंहगड चढा-उतरा. लागायचा तो बूट तिथेच लागू दे, वाटेवरच्या जुडा का तालाब या तळ्यापाशी नको.

हिमरेषा · मंगळवार, सकाळी ७.५५

ठिगळ, जुन्या बुटांबद्दलही लिहा ना. "कपाटात चांगले बूट पडून आहेत, तेच घालतो" म्हणणारे बरेच असतात.

ठिगळ · मंगळवार, सकाळी ८.३०

बरं झालं आठवण केलीत. बऱ्याच ट्रेकिंग बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचं विघटन होत जातं, बूट वापरा किंवा वापरू नका. किंबहुना डब्यात बंद ठेवलेला बूट लवकर जातो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चार-सहा वर्षं पडून राहिलेला बूट वरून कोरा दिसतो आणि ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सोल पावासारखा कुस्करून हातात येतो.

तपासणी सोपी आहे. मधल्या थरावर अंगठ्याचं नख जोरात दाबा. खळगा पडून तसाच राहिला, भुगा निघाला, किंवा बारीक आडव्या भेगा दिसल्या तर बूट बाद. मोच्याकडून शिवून घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, भुसभुशीत थरात टाका धरत नाही, आणि वरच्या कापडातून सुई गेली की जलरोधक पडद्याला भोकं पडतात.

हाच रोग जुन्या रेनकोटना आणि सॅकच्या आतल्या लेपाला होतो. आतून चिकट लागलं, पापुद्रे निघाले, आंबूस वास आला की समजावं.

वाटेतल्या दुरुस्तीसाठी थोडी डक्ट टेप पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा, चार प्लास्टिकचे झिप-टाय आणि तीन मीटर बारीक नायलॉन दोरी घ्या. सोल सुटला तर चवडा आणि टाच दोन्हीकडे झिप-टाय आवळून उतरता येतं. आणि बूट शेकोटीजवळ कधीही वाळवू नका. सोलचा गोंद उष्णतेने सुटतो.

निळी_सॅक · मंगळवार, दुपारी १.१५

कपड्यांचं मी घेते. सुती काहीही नको, बनियन आणि अंतर्वस्त्रंसुद्धा. सुती कापड घाम शोषतं आणि धरून ठेवतं, आणि पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब बाहेर नेतं. जीन्सचं तर नावच काढू नका.

आतला थर: थर्मलचे वर-खाली दोन जोड. एक चालताना, एक फक्त झोपताना. झोपायचा जोड सॅकच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि कितीही मोह झाला तरी दिवसा अंगावर चढवायचा नाही. साध्या पॉलिएस्टरचा जोड आठशे ते बाराशेत येतो आणि पुरतो. मेरिनो लोकर जास्त उबदार, वासही कमी धरते, पण किंमत तिप्पट-चौपट आणि पावसाळ्यात कपाटात कसर लागण्याची भीती. तुमच्या बजेटमध्ये मेरिनोचे फक्त मोजे घ्या. थर्मल अंगाला चिकटून बसलं पाहिजे. सैल थर्मल घाम ओढून घेत नाही.

मधला थर: घरातला फ्लीस चालेल. उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसत असेल तर पातळ आहे, मग स्वेटर जोडीला घ्या. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरबाजार लागतात, तिथलं लोकरी स्वेटर यासाठी उत्तम.

वरचा थर: डाउन (पिसांच्या) किंवा कृत्रिम भरावाचं जाड जॅकेट. हे चालताना घालायचं नसतं! थांबल्यावर घालायचं. थांबल्याबरोबर, अंग गार पडायच्या आधी. म्हणून ते सॅकमध्ये अगदी वर ठेवा.

चालायला निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर पंधरा मिनिटांत घाम फुटणार, आणि तो घाम पहिल्या विश्रांतीला गोठवणार. माथ्याच्या चढाईत हीच चूक सगळ्यात जास्त होते. अंधारात गारठ्याच्या धास्तीने सगळे थर चढवून लोक निघतात, झाडी संपून धार लागते तोवर आतून चिंब झालेले असतात आणि वारा नेमका तिथेच सुरू होतो.

पायांसाठी चालायला एक जाडसर, वारा अडवणारी ट्रेक पँट आणि आत थर्मल. दुसरी साधी लवकर वाळणारी पँट राखीव. दोन पुरेत.

जुना_दोर · मंगळवार, दुपारी ४.०५

डाउन जॅकेट विकत घेणारच असाल तर लेबलवर दोन आकडे बघा. एक फिल पॉवर, म्हणजे पिसं किती फुगतात. ५५० साधं, ६५० बरं, ८०० उंची. दुसरा आकडा भरावाच्या वजनाचा, म्हणजे आत किती ग्रॅम पिसं आहेत. विक्रेता पहिलाच आकडा सांगतो. ८०० फिलची मूठभर पिसं भरलेलं पातळ जॅकेट ६०० फिलच्या भरगच्च जॅकेटपेक्षा गारच असतं.

९०/१० असं लिहिलेलं असतं त्यातले ९० टक्के म्हणजे मऊ पिसारा, १० टक्के म्हणजे काडीची पिसं. मुठीत दाबून सोडा. चटकन फुगून वर आलं पाहिजे आणि काड्या टोचता कामा नयेत. शिवणीतून पीस डोकावलं तर ओढून काढू नका, एकामागून दुसरं येतं. आतल्या बाजूने चिमटीत धरून परत आत खेचा.

डाउनचं वैर ओलाव्याशी. भिजलं की गाठी होतात आणि ऊब जाते. कृत्रिम भराव वजनदार आणि बोजड, पण ओला झाला तरी बराचसा काम करतो, धुवायला सोपा आणि स्वस्त. वर्षातून एकदा हिमालय आणि बाकी वेळ मुंबईचं कपाट असेल तर मी कृत्रिम घेईन.

कोकणकडा_कर · मंगळवार, संध्याकाळी ७.२०

एवढा खर्च कशाला? पोंचो आहेच, तोच वरून टाकायचा. बर्फ म्हणजे काय पाऊस नव्हे. आणि विकत घ्यायचंच असेल तर मग चांगलं गोअर-टेक्सचं (पाणी अडवणारं पण घामाची वाफ बाहेर सोडणारं महागडं कापड) जॅकेट घ्या, मधलं काहीतरी घेऊन पैसे वाया घालवू नका.

बुरुजावरचा · मंगळवार, रात्री ८.०२

कोकणकडाकर, दोन्ही टोकं पटली नाहीत.

पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि स्पाइक्समध्ये अडकला तर माणूस तोंडावर पडतो. धारेवर पोंचो नको. खाली पावसाची शक्यता म्हणून सॅकमध्ये असू दे.

गोअर-टेक्सचा फायदा भरपूर पाऊस आणि ओल्या बर्फात. डिसेंबरअखेर वरचा बर्फ बहुधा कोरडा असतो, झटकला की जातो. तिथे मुख्य काम वारा अडवण्याचं. पाणी रोखण्याचा १०,००० मिलिमीटरचा आकडा लिहिलेलं, शिवणींवर आतून टेप मारलेलं साधं जलरोधक जॅकेट पुरतं. टेप आहे का ते आतून उलटं करून बघा. कापड जलरोधक आणि शिवणी उघड्या, असा माल पुष्कळ मिळतो. टोपी जॅकेटलाच जोडलेली आणि दोरीने आवळता येणारी हवी. काखेत चेन असेल तर सोन्याहून पिवळं, घाम तिथून निघून जातो.

माप मात्र फ्लीस आणि जाड जॅकेट आत घालून बघा. वरून आवळणारं जॅकेट आतली पिसं चेपतं. ऊब कापडात नसते, पिसांत अडकलेल्या हवेत असते.

कोकणकडा_कर · मंगळवार, रात्री ८.३०

आणि एप्रिलात गेलं तर? तेव्हा तुमचं दहा हजार मिलिमीटर पाझरेल.

बुरुजावरचा · मंगळवार, रात्री ८.४४

एप्रिलात बर्फ ओला असतो हे मान्य. धागा डिसेंबरचा आहे. हलके घ्या.

निळी_सॅक · मंगळवार, रात्री ९.३०

स्लीपिंग बॅग संस्था देणार म्हणून निश्चिंत राहू नका. त्यांना विचारा, "बॅगेचा कम्फर्ट आकडा किती?" नुसतं "उणे दहाची बॅग आहे" हे उत्तर अपुरं आहे.

युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री आरामात झोपेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना, झोप काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव वाचेल इतपत, तेही धोका पत्करून. दुकानदार आणि भाड्याने देणारे अनेकदा शेवटचा आकडा सांगतात. तुमच्या बायकोसाठी कम्फर्ट आकडाच धरा. बॅगेवर एकच आकडा असेल तर तो एक्स्ट्रीम असू शकतो असं गृहीत धरून फ्लीसचं अस्तर सोबत न्या.

खालची मॅट बॅगेइतकीच महत्त्वाची. अंगाखाली बॅगेचा भराव चेपला जातो, त्यामुळे जमिनीची थंडी अडवायचं काम मॅटच करते. मॅटचा आर-आकडा जितका मोठा तितकी रोधकता जास्त. साध्या फोम मॅटचा दोनच्या आसपास असतो, बर्फावर तो अपुरा. पण आर-आकड्यांची बेरीज होते. म्हणजे त्यांच्या मॅटवर आपली एक योगा-मॅटसारखी आठ-दहा मिलिमीटरची बंद पेशींची फोम मॅट अंथरली की फरक पडतो. वजन नगण्य, फक्त सॅकला बाहेरून बांधावी लागते. चंदेरी कागदाची पातळ चादर त्याऐवजी घेऊ नका.

झोपताना गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायांशी ठेवा. सकाळी तेच पाणी प्यायला, गोठलेलं नसतं. आणि लघवीला लागली तर उठा. रोखून धरून झोप येत नाही आणि थंडीही वाजत राहते.

वाटाड्या_मार्ग · मंगळवार, रात्री १०.१५

निळी_सॅक ताई, तोंड बॅगेत घालून झोपलं तर जास्त ऊब नाही का राहत?

निळी_सॅक · मंगळवार, रात्री १०.२२

नाही. श्वासातली वाफ भरावात जमते आणि सकाळी बॅग दमट होते. डोकं माकडटोपीत, नाक-तोंड बाहेर. अळूवडी, आजोबांची टोपी इथे कामाला आली बघा.

हिमरेषा · बुधवार, सकाळी ६.४०

हात आणि डोळे राहिलेत.

हातांना तीन थर. आत पातळ फ्लीसचे किंवा लोकरीचे मोजे, ज्यांत चेन लावता येते, नाडी बांधता येते, फोटो काढता येतो. त्यावर जाड, जलरोधक, मनगटावर लांब येणारे मोजे. ते इतके सैल की आतला मोजा घालूनही बोटं वळतील. तिसरा म्हणजे आतल्या मोज्यांचा सुका जोड खिशात. हात फार गार पडणाऱ्यांनी बाहेरचा मोजा मिटन प्रकारचा घ्यावा, चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. मोज्यांना मनगटाची दोरी असलीच पाहिजे. धारेवर वाऱ्याने एक मोजा उडाला तर तिथूनच परतायची वेळ येते.

हात गरम ठेवणारी ती पाकिटं मिळतात, त्यात लोखंडाची पूड असते आणि हवा लागली की ती तापते. हातमोज्यात चालतात. बुटात हवा कमी, म्हणून तिथे नीट तापत नाहीत आणि जागा अडवून पाय आवळतात, तो तोटा वेगळा. थेट कातडीला लावू नका, भाजतं.

गॉगल: ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून मारा. गॉगलवर यूव्ही ४०० आणि श्रेणी ३ किंवा ४ लिहिलेलं हवं. श्रेणी ४ घालून गाडी चालवायची नसते, फार काळी असते. कडेने उजेड येऊ नये असा गुंडाळणारा आकार घ्या. रस्त्यावरच्या काळ्या काचा सर्वात वाईट. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणं अडत नाहीत. हिमांधत्व काही तासांनी जाणवतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, तोवर उशीर झालेला असतो. चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल घ्या. लेन्स वापरत असाल तर द्रावणाची बाटली रात्री बॅगेत घेऊन झोपा.

सनस्क्रीन एसपीएफ ५०, दर दोन तासांनी. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलासुद्धा. ओठांना निराळं.

जुना_दोर · बुधवार, सकाळी ९.५०

मायक्रोस्पाइक्स आणि गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) सांकरीतून भाड्याने घ्या. आपल्याकडे त्यांचा दुसरा उपयोग नाही. पण हातात घेतल्यावर उजेडात तपासा. साखळीची एखादी कडी उघडलेली आहे का, रबर ताणून बघितलं तर पांढऱ्या भेगा दिसतात का, दात बोथट झालेत का. भाड्याच्या मालात हे तिन्ही दोष असतात. बूट पायात असताना स्पाइक्स तिथेच चढवून बघा. रबर घट्ट बसलं पाहिजे आणि पुढची पट्टी अंगठ्यावर. सैल स्पाइक्स तिरक्या उतारावर बुटाच्या कडेला सरकतात.

क्रॅम्पॉन (स्पाइक्सपेक्षा मोठ्या दातांची, बुटाखाली बांधायची चौकट) कुणी देऊ केले तर घेऊ नका. त्यांना कडक सोलचा बूट लागतो, मऊ ट्रेकिंग बुटावर ते टिकत नाहीत. या वाटेला त्यांची सहसा गरजही पडत नाही.

दुपारी बर्फ ओला झाला की स्पाइक्सखाली गोळे जमतात आणि माणूस बर्फाच्या गोळ्यावरच चालू लागतो. दर थोड्या वेळाने काठीने टाचेवर ठोका. खडक आणि माती लागली की काढा, नाहीतर दात जातात. तंबूत स्पाइक्स नेलेत तर तळाचं कापड फाटणार हे नक्की.

गेटर घालताना बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवं. आतल्या बाजूला आलं तर दुसऱ्या पायाच्या स्पाइक्समध्ये अडकतं. पुढचा हूक नाडीच्या सर्वात खालच्या आडव्या ओळीत अडकवा, खालचा पट्टा टाच आणि चवड्याच्या मधल्या खोलगटात बसवा. गेटर पँटच्या वर.

भाड्याच्या बुटांवर मात्र विसंबू नका. नाताळ ते नववर्ष तिथे तोबा गर्दी असते आणि आपलं माप उरलेलं असेलच असं नाही. रोख पैसे डेहराडूनहून घेऊन जा.

अळूवडी · बुधवार, सकाळी १०.३०

पाण्याची नळीवाली पिशवी चालते का? सॅकमध्ये घातली की बाटली काढायला थांबावं लागत नाही.

हिमरेषा · बुधवार, सकाळी ११.०५

पहाटे नळी गोठते. रुंद तोंडाच्या दोन एक-लिटर बाटल्या घ्या आणि त्यातली एक स्टीलचा थर्मास. साधी बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे उलट्या बाटलीत झाकणापाशी बर्फ होत नाही.

बॅटऱ्यांचंही तसंच. थंडीत साध्या अल्कलाइन सेलचा दम लवकर संपतो. हेडटॉर्चला लिथियम सेल घाला किंवा सेल खिशात अंगाजवळ ठेवून निघताना घाला. फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत. थंडीत ३० टक्क्यांवर बंद पडलेला फोन उबेत आणला की पुन्हा सुरू होतो, घाबरू नका.

कातळपाऊल · बुधवार, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. माणशी यादी अशी केली आहे, चुकत असेल तर सांगा.

विकत: बूट ५,५००. थर्मल दोन जोड २,२००. जाड मोजे तीन जोड आणि झोपायचा एक वेगळा, १,४००. हातमोजे आतले दोन जोड आणि बाहेरचा एक, १,८००. वारा अडवणारं जलरोधक जॅकेट २,५००. गॉगल ९००. फोम मॅट ४००. एकूण १४,७००.

भाड्याने: जाड जॅकेट, स्पाइक्स, गेटर, एक काठी.

घरातलं: सॅक, फ्लीस, हेडटॉर्च, माकडटोपी, स्टीलचा थर्मास. सॅकला रेन कव्हर आहेच.

स्पाइक्स आणि काठ्या तिथेच परत द्यायच्या, म्हणजे विमानात सॅक केबिनमध्येच नेता येईल ना?

ठिगळ · बुधवार, रात्री ९.५०

यादी चांगली आहे. पंधरा हजारांत भाडं धरलं नाहीत, दोन हजार वेगळे काढा. एकाऐवजी दोन काठ्या घ्या, उतरताना गुडघे वाचतात. बर्फात टोकाला रुंद चकती लावलेली हवी, नाहीतर काठी दांड्यापर्यंत आत जाते. फिरवून घट्ट होणारी काठी थंडीत घसरते, बाहेरून खटका दाबायची मागा.

रेन कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही आणि सॅक बर्फात ठेवली की तिथूनच ओल शिरते. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं त्यात भरा.

बुरुजावरचा · बुधवार, रात्री १०.१०

५० लिटरची भरलेली सॅक केबिनच्या मापात आणि वजनात बसणं अवघड. चेक-इन धरूनच चला. पट्टे आत दुमडून सॅक मोठ्या पोत्यात किंवा कव्हरमध्ये घाला, नाहीतर सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर अडकून फाटते.

पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल मात्र केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तास होते, १०० च्या आत आहे म्हणून अडचण नाही, फक्त तिच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. घासून पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवू शकतात. शेगडीचं गॅस सिलेंडर आणि लायटर कुठेच नको.

बूट पायात घालून विमानात बसा. सामान हरवलं तर बाकी सगळं सांकरीत भाड्याने जमेल, पायाला बसलेला बूट जमणार नाही.

कातळपाऊल · बुधवार, रात्री १०.३०

झिप-टाय आणि डक्ट टेप यादीत घातले. शनिवारी संध्याकाळी जाड मोजे घेऊन दुकानात जातो.